कात्रणाची तपकिरी सावली

दिवाळीची साफसफाई म्हणजे माझ्याकडे पुस्तकांची कपाटं रिकामी करणं. यंदा एका जुन्या दिवाळी अंकातून वर्तमानपत्राचं कात्रण निघालं. उचललं, तर समोरासमोरच्या दोन्ही पानांवर नेमका त्याच आकाराचा तपकिरी चौकोन उमटलेला. हे काम आम्लाचं.

वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून करतात, म्हणून त्यात लिग्निन राहतं. झाडाला ताठ ठेवणारा हा पदार्थ उजेड आणि हवा लागली की पिवळा पडतो. कागदात तयार होणारी आम्लं मग शेजारच्या पानात झिरपतात.

पण पान ठिसूळ कशानं होतं? मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. कागदाच्या तंतूतलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. दोन मण्यांमधला दुवा ऑक्सिजनच्या एका अणूचा. आम्लातला हायड्रोजन आयन त्या ऑक्सिजनला चिकटला की दुवा कमकुवत होऊन तुटतो. दमट हवेतून कागदात मुरलेल्या पाण्याचा रेणू तुटल्या टोकाशी जोडला जातो आणि आयन पुन्हा मोकळा होतो, पुढचा दुवा तोडायला. आम्ल खर्चच होत नाही! उलट जुन्या होणाऱ्या कागदात फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांची भर पडते, म्हणजे वेग आणखी वाढतो. माळा आखूड होत जातात आणि एक दिवस दुमडलेला कोपरा तुकडा होऊन हातात येतो.

कागदात आम्ल आणलं माणसानंच. शाई फुटू नये म्हणून मोरित्झ इलिग या जर्मन कागदकारानं 1807 मध्ये राळ आणि तुरटी वापरण्याची पद्धत काढली. तुरटी आम्लधर्मी. पुढे कारखान्यांत तुरटीऐवजी तिचं भावंड, ॲल्युमिनियम सल्फेट आलं. लाकूड दळायची युक्ती 1840च्या दशकातली. त्याआधीचा चिंध्यांपासून हातानं केलेला जुन्नरी कागद यातून सुटला. म्हणूनच दोनशे वर्षांची पोथी अजून उलगडता येते आणि शंभर वर्षांचं छापील पुस्तक चुरा होतं.

जुन्या पुस्तकांचा तो हवाहवासा वासही याच मोडतोडीतला. सेल्युलोजमधून बदामाच्या वासाचं फरफ्युराल सुटतं, लिग्निनमधून व्हॅनिलाचं व्हॅनिलिन. पिवळी पुस्तकं घरात ‘नकारात्मक ऊर्जा’ आणतात, रद्दीत द्या, असे वास्तुशास्त्राचे संदेश फिरतात तेव्हा मला संताप येतो. अशी कुठलीही ऊर्जा आजवर कुणी मोजलेली नाही. त्यापायी एखाद्या पुस्तकाची शेवटची प्रत जाते, त्याचं काय?

पुस्तकांना कडक ऊन दाखवू नका; उन्हातल्या अतिनील किरणांनी लिग्निन आणखी पिवळं पडतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नका, ओल आत कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. वेळोवेळी पानं चाळा, कसर तिथंच दिसते.

ते कात्रण मी आता वेगळ्या पाकिटात ठेवलंय, झेरॉक्सच्या दोन कोऱ्या कागदांमध्ये. या कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच. कात्रणातून झिरपणारं आम्ल ते तिथंच मारतं.