आपत्तीनंतरच्या राडारोड्याचा खर्च-अंदाज (अमेरिका)

वादळ, पूर, भूकंपानंतर पडलेली झाडं, मोडलेली घरं, गाळ उचलायला किती खर्च येईल याचा हिशोब. अमेरिकेत तो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा शहर मांडतं आणि फेडरल सरकारकडे भरपाई मागतं. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखाली मोठी आपत्ती जाहीर झाली की फेमा (आपत्ती निवारणाची फेडरल संस्था) हे काम ‘कॅटेगरी ए’मध्ये धरते, पात्र खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा फेडरल, उरलेला राज्य आणि स्थानिक संस्थेचा.

सगळी गोम घनयार्डात (राडारोड्याच्या आकारमानाचं माप, १ घनयार्ड म्हणजे २७ घनफूट) आहे, कारण कंत्राटाचा दर बऱ्याचदा घनयार्डावरच असतो, तो आकडा हुकला की पुढचं सगळं हुकतं. वादळासाठी लष्कराच्या इंजिनिअर कोअरचं सूत्र वापरतात: घरांची संख्या (लोकसंख्या भागिले ३) गुणिले वादळाच्या कॅटेगरीचा (वाऱ्याच्या वेगावरून दिलेला १ ते ५ दर्जा) गुणक, मग झाडी, दुकानं-व्यवसाय आणि पाऊस यांचे गुणक. कॅटेगरीचे गुणक १ ते ५ साठी २, ८, २६, ५० आणि ८०. म्हणजे ३०,००० वस्ती, कॅटेगरी ३, मध्यम झाडी (१.३), व्यवसाय कमी (१.०), जोराचा पाऊस (१.३) धरला तर ४,३९,४०० घनयार्ड येतात, आणि तेच वादळ कॅटेगरी २ चं धरलं तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!

सूत्र फ्रेडरिक (१९७९), ह्यूगो (१९८९) आणि अँड्र्यू (१९९२) या वादळांच्या आकड्यांवर बेतलंय, त्यामुळे आजच्या रूपात ते १९९२ नंतरचंच असणार. अचूकता अधिक-उणे ३० टक्के सांगतात. पण तिन्ही वादळं आग्नेय अमेरिकेतली, आणि कॅटेगरी मोजते फक्त वारा, समुद्राचं घुसलेलं पाणी नाही. म्हणून सूत्र पहिल्या दिवसांच्या तयारीपुरतं ठेवावं आणि क्लेमसाठी रस्तोरस्ती फिरून केलेली मोजणीच धरावी, हे मत जास्त पटतं. पडलेल्या इमारतीचं मात्र सोपंय, लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणायची, २७ ने भागायचं आणि ०.३३ ने गुणायचं, कारण आतली बरीचशी जागा हवाच असते.

सँडी वादळानंतर आलेल्या २०१३ च्या सँडी कायद्याने ठराविक अंदाजावरच अनुदान घ्यायची वाट काढली, पण मग खर्च वर गेला तर तो अर्जदाराच्याच अंगावर. नेहमीच्या पद्धतीत प्रत्यक्ष खर्चावर पैसे मिळतात आणि त्यासाठी ट्रकची आधी मोजून ठेवलेली क्षमता आणि मॉनिटरने (कामावर देखरेख करणाऱ्या माणसाने) भरलेलं लोड तिकीट (ट्रकच्या प्रत्येक खेपेची नोंद) लागतं. खासगी जागेतला राडारोडा सहसा पात्र धरत नाहीत.