मोरबेच्या पाण्याला समुद्राचं यंत्र

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या घरी फिल्टर विकणारा एक मुलगा आला. डेमो फुकट होता, म्हणून आईने त्याला आत घेतलं. त्याने दोन काचेचे ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं. मग पिशवीतून चार सळया लोंबणारी एक पेटी काढली, दोन-दोन सळया एकेका ग्लासात सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमचं पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, आणि तळाशी गाळ बसायला लागला. त्याचं पाणी निवळशंख. "बघा काकू, हे पिताय तुम्ही रोज." आईचा चेहरा असा झाला, जणू वीस वर्षं तिने आम्हाला गटारच पाजलं होतं.

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या ग्लासात टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता दाब बटण. त्याच्या पाण्याची दशा आमच्यापेक्षा वाईट झाली.

यात जादू काही नाही, शाळेतलं विद्युत अपघटन आहे. पेटीच्या सळयांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा हिरवट-तपकिरी हायड्रॉक्साइड तयार होतो. म्हणजे ग्लासातला तो गाळ पाण्यात नव्हताच, सळईतून आला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, सळई शाबूत राहते. नारळपाण्यावर हा प्रयोग केला तर कुणी जन्मात शहाळं पिणार नाही.

मुलगा हार मानणारा नव्हता. त्याने पेनासारखं टीडीएस मीटर काढलं. आमच्या नळाला आकडा आला 78, त्याच्या बाटलीला 12. "फरक कळला ना?"

कळला, पण कशातला? टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ते पेन प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट असे विद्युतभारित कण त्याला जाणवतात. जंतू जाणवत नाहीत. कावीळ, टायफॉइड किंवा कॉलरा पसरवणारं पाणी मीटरवर 78 दाखवू शकतं आणि आजीने उकळून गाळलेलं पाणीही 78च दाखवेल. उलट शहाळ्याच्या पाण्यात एकट्या पोटॅशियमचंच प्रमाण लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या पुढे असतं. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस 10500, 2012) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा आहे 500, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. आमचे 78 त्यापुढे किस झाड की पत्ती.

हा आकडा इतका कमी का, याचं उत्तर आपल्या भूगोलात आहे. नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरच्या मोरबे धरणाचं पाणी येतं, भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन. खारघर-उलव्याकडे हेटवणेचं. ठाणेकर भातसा आणि उल्हास नद्यांच्या पाण्यावर जगतात. हे सगळं सह्याद्रीच्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी. आपल्याकडचा काळा पाषाण सहजासहजी विरघळत नाही, आणि डोंगरावरून धरणात येईपर्यंत पाणी दगडाच्या संगतीत फार काळ राहतही नाही. त्यामुळे ते मऊ असतं, साबणाला फेस भरपूर येतो, डाळ चटकन शिजते. (डाळीची परीक्षा खरी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं आणि तीन शिट्ट्यांनंतरही दाणा कचकच लागतो.)

आता आरओकडे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, आणि मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. दोन्हीकडे पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे, मधल्या पडद्यातून आपणहून जातं. हा परासरणाचा खेळ. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला तर प्रवाह उलटतो, पाणी पडद्यातून पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे अडकतात. तेच रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजे आरओ. कल्पना जुनी होती, पण भरपूर पाणी सोडणारा आणि तरी क्षार अडवणारा पडदा जमत नव्हता. तो 1960च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी जमवला. त्यांच्यापुढे प्रश्न होता समुद्राचं पाणी पिण्याजोगं करण्याचा. समुद्रात लिटरला सुमारे 35,000 मिलिग्रॅम क्षार असतात. आपण तेच यंत्र भिंतीवर टांगून 78 वाल्या पाण्यावर चालवतो. मुंगी मारायला रणगाडा म्हणावं, तर रणगाड्याने निदान मुंगी मरते. इथे मारायला मुंगीच नाही.

बरं, यंत्र फुकट चालत नाही. अडकलेले क्षार वाहून न्यायला पाणी लागतं. ते आतल्या काळ्या नळीतून सिंकमध्ये जातं, आणि घरगुती मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर असं जाणं नेहमीचंच आहे. चौघांच्या घरात पिण्याला-स्वयंपाकाला रोज 12 लिटर धरा, म्हणजे 36 लिटर गटारात. शंभर घरांच्या सोसायटीत सगळ्यांकडे आरओ असेल तर दिवसाला 3,600 लिटर, महिन्याला एक लाख आठ हजार. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर जवळपास अकरा टँकर. मे महिन्यात पाणीकपात लागली की सोसायटीच्या ग्रुपवर गाड्या धुणाऱ्यांना शिव्या पडतात, या काळ्या नळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला सांगितलं होतं की जिथे टीडीएस 500च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा. त्यानंतरही आपल्या बिल्डिंगमध्ये दर तिसऱ्या घरात आरओच दिसतं. गंमत म्हणजे टीडीएस फार खाली गेलं की पाणी बेचव लागतं, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये एक पेच असतो. तो फिरवला की न गाळलेल्या क्षारांचं थोडं पाणी पुन्हा त्यात मिसळतं. आधी काढायचं, मग घालायचं, आणि दोन्हीचे पैसे द्यायचे.

मग काहीच लावायचं नाही का? लावायचं, पण धोका कुठे आहे तो बघून. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरीन असतो. मानक सांगतं की नळापर्यंत पोचताना तो लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवा. तो शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेत काही शिरलं तर लढायला ठेवलेला पहारेकरी. आणि वाट खडतर आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि जिथे भेग आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर काय ओढलं जाईल ते सांगायला नको. पुढे इमारतीचा जमिनीखालचा सम्प, पंप, गच्चीवरची टाकी. सम्पचं झाकण तडकलेलं, पावसात पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींनाही आठवत नाही. महापालिका पाण्याच्या मीटरपर्यंत जबाबदार. त्यापुढचा कारभार आपला.

या जंतूंसाठी दोन साधी साधनं पुरतात. एक यूव्ही. त्यातला दिवा 254 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण टाकतो. ते जंतूच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटवतात. जंतू लगेच मरतोच असं नाही, पण त्याला स्वतःची नक्कल करता येत नाही, आणि वाढ खुंटलेला जंतू आजारी पाडत नाही. क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जीवही यूव्हीपुढे नमतात. अट एकच, पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांच्या सावलीत लपतो, म्हणून दिव्याच्या आधी गाळणी आणि कार्बन, म्हणजे कोळशाचा थर, असतात. दुसरं साधन यूएफ, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, अतिबारीक छिद्रांची गाळणी. पोकळ शेवयांचा जुडगा कल्पना करा. शेवईच्या भिंतीला 0.01 ते 0.1 मायक्रॉनची छिद्रं. ई. कोलाय लांबीला एक-दोन मायक्रॉनचा, तो बाहेरच राहतो. हिपॅटायटिस एचा विषाणू मात्र 0.03 मायक्रॉनहूनही लहान, तो प्रत्येक यूएफमध्ये अडकेलच असं नाही. यूएफला वीज लागत नाही आणि पाणी वाया जातं ते फक्त शेवया उलट्या धुताना. आपल्या खाडीपलीकडे तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असाच पॉलिसल्फोनच्या पडद्याचा घरगुती शुद्धक विकसित करून त्याचं तंत्रज्ञान उद्योगांना दिलं आहे.

कार्बनबद्दल एक सावधगिरी. तो वास, रंग आणि क्लोरीन शोषून घेतो, म्हणजे आपला पहारेकरीही. त्यामुळे गाळलेलं पाणी मशीनच्या टाकीत दोन-दोन दिवस पडू देऊ नये. गावाला जाऊन आलात तर पहिली टाकी झाडांना घाला.

आरओ कुणाला लागतं, तेही सांगतो. माझी मावशी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. उन्हाळ्यात तिथे टँकर येतो, आणि टँकरमध्ये बोअरचं पाणी असतं. तिच्या गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढऱ्या थराने चुन्याच्या खांबासारखी झाली, केस राठ झाले, चहावर तवंग येतो. मी मीटर घेऊन गेलो तेव्हा आकडा आला 860. खाडीकाठच्या बोअरमध्ये खारं पाणी शिरलं तर हजारांत जाऊ शकतो. तिथे आरओ घ्यावं, आणि काळ्या नळीचं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं. विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असतं, तिथलं गणित वेगळं. मावशीची खरी पंचाईत अशी की आठ महिने तिला महापालिकेचं मऊ पाणी येतं आणि चार महिने टँकरचं. तिने आरओ घेतलं, पण त्यात यूव्हीचा वेगळा मार्ग आहे, आणि पाऊस सुरू झाला की ती पेच फिरवून पाणी त्या मार्गाने सोडते. साठीच्या बाईला जमतं, म्हणजे कठीण नाही.

आमच्या घरी त्या रविवारी विक्री झाली नाही. पण मुलगा गेल्यावर मलाच चैन पडेना. पाण्यात क्षार कमी, हे ठीक. जंतू? मी ऑनलाइन एच टू एस चाचणीच्या बाटल्या मागवल्या. तयार औषध असलेली छोटी बाटली, खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायची, दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेशी संबंधित जंतू असण्याची शक्यता. ते जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि बाटलीतल्या लोहक्षाराचा काळा लोहसल्फाइड होतो. लोखंडच पुन्हा, पण यावेळी खरं बोलणारं.

तीन बाटल्या भरल्या: मीटरजवळच्या थेट लाइनचं पाणी, गच्चीच्या टाकीचं, आणि आमच्या जुन्या यूव्ही फिल्टरचं. पहिली तशीच पिवळी राहिली. दुसरी दुसऱ्या दिवशी दुपारी काळीकुट्ट. तिसरीही काळी. निळा दिवा तर रोज पेटत होता! पण डोळ्याला दिसणारा निळा उजेड आणि जंतूंना लागणारे अतिनील किरण या दोन गोष्टी वेगळ्या. ट्यूब वर्षभरात मंदावते, आमची चार वर्षांची होती. आणि आई पावसाळाभर खूश होती, की यंदा पाण्याला औषधाचा वास येत नाही.

काळ्या बाटल्या मी सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. पुढच्या शनिवारी सम्प उपसला. झाकणाच्या तड्याखाली बोटभर चिखल होता आणि एक मेलेला उंदीर. टाक्या धुतल्या, ब्लीचिंगने, नव्या झाकणाला रबर बसवलं. मी फिल्टरची ट्यूब आणि कार्बन बदलला, पंधरा दिवसांनी पुन्हा तीन बाटल्या भरल्या. तिन्ही पिवळ्या.

त्या संध्याकाळी आई सिंकपाशी उभी राहून नाक मुरडत होती. "अरे, नळाच्या पाण्याला पुन्हा औषधाचा वास येतोय."

"येऊ दे," मी म्हटलं.