टीएमसी वेगळं, क्यूसेक वेगळं

दर पावसाळ्यात पुण्यात हे वाक्य कानावर येतंच: "खडकवासल्यातून दहा हजार क्यूसेक पाणी नदीत सोडून दिलं, आणि आम्हाला मात्र कपात!" राग मला समजतो. पण या वाक्यात दोन मापांची गल्लत आहे आणि दरवर्षी तीच होते.

टीएमसी सगळ्यांना ठाऊक आहे. ते साठ्याचं माप: शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पुढे जाऊ.

क्यूसेक हे साठ्याचं माप नाही, वाहण्याचं आहे. सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. 'सेकंदाला' हे त्या शब्दाच्या पोटातच आहे, म्हणून "क्यूसेक प्रति सेकंद" असं छापलेलं दिसलं की मला चीड येते. नुसता क्यूसेकचा आकडा सांगून किती पाणी गेलं ते कळूच शकत नाही. किती वेळ सोडलं तेही सांगायला हवं. एक हिशेब पाठच करून ठेवा: ११,५७४ क्यूसेकने चोवीस तास विसर्ग चालला, तर एक टीएमसी जातं. म्हणजे दहा हजार क्यूसेकने तीन तास सोडलं, तर गेलं फक्त ०.११ टीएमसी.

आता खडकवासला. त्याचा उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, जेमतेम १.९७ टीएमसी. पुण्याचं खरं पाणी वरच्या धरणांत आहे: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. खडकवासला या तिघांच्या खाली, आणि खालचं पाणी उलटं वर चढत नाही. दोन दिवस दणकून पाऊस झाला की ते भरतं आणि दरवाजे उघडावेच लागतात, मग वरची धरणं अर्धी रिकामी का असेनात. म्हणून मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली आणि शहरात कपात, दोन्ही एकाच आठवड्यात खरं असू शकतं. कपात ठरते ती चारही धरणांच्या एकूण साठ्यावर, आणि तो पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा असतो. "खडकवासला भरलं, वर्षाची चिंता मिटली" हेही त्याच चुकीचं दुसरं टोक.

आणि नदीत सोडलेलं पाणी 'वाया' जात नाही. मुठेतून मुळा-मुठा, तिथून भीमा, मग उजनी धरण. सोलापूर शहर तेच पितं. (उजनी 'उणे' टक्क्यांत गेलं म्हणजे कोरडं पडलं असं नव्हे. टक्के उपयुक्त साठ्याचे असतात; त्याखाली सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा असतो.)

मोठ्या क्यूसेकला घाबरायचं आणि लहान क्यूसेककडे पाहायचंही नाही, ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. खडकवासल्याचे दरवाजे उघडले की पुलावर मोबाइल घेऊन गर्दी. कालव्यातून १,००० क्यूसेकचं आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं, तर दौंड-इंदापूरचा शेतकरी सोडून कुणाला पत्ता नसतो. पण तेवढंच पाणी महिनाभर वाहिलं की २.६ टीएमसी होतं, अख्ख्या खडकवासल्याहून जास्त. पाणी संपतं ते असं, हळू आणि सतत.

घरातही तेच. एक दिवस गाडी धुतली म्हणून मी कुणाशी भांडणार नाही. रात्रंदिवस झिरपणारी फ्लशची टाकी आणि गच्चीवरची भरून वाहणारी टाकी यांवर मात्र भांडेन, कारण तिथे वेळ मोजला जात नाही. पन्नास लाख माणसं धरा. प्रत्येकाने रोज वीस लिटर, एक बादली, वाचवली तर दिवसाला दहा कोटी लिटर झाले. १ ऑक्टोबरला सुरुवात केली, तर १० जुलैच्या सुमारास एक टीएमसी शिल्लक असेल: पाऊस लांबला की ज्याची वाट आपण पाहतो, त्या खडकवासल्याचा अर्धा साठा.