डेस्कटॉप स्क्रीन रीडर: वाणी, ब्रेल आणि कळफलक

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर, बटणे, मेनू आणि त्यांची त्या क्षणाची स्थिती दृष्टिहीन व्यक्तीला बोलून किंवा ब्रेल ठिपक्यांतून सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. ऐकायचे कानांनी, वाचायचे बोटांनी आणि हुकूम द्यायचा कळफलकावरून, अशी या कामाची विभागणी असते. माउस लागत नाही. या नोंदीत मुख्यतः एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि मराठी मजकूर धरून माहिती दिली आहे. उदाहरणे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातल्या जिल्ह्यांच्या रोजच्या वापरातली आहेत.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात पडद्यावर फक्त अक्षरे असत आणि ती थेट स्मृतीतून उचलून बोलता येत. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकात केलेले काम या प्रकारातल्या पहिल्या साधनांपैकी होय. टेड हेन्टर यांचा जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आणि पुढे विंडोजसाठी आला. विंडोजमध्ये पडदा चित्ररूप झाला. अक्षरांऐवजी रंगीत ठिपके उरल्यावर ते बटण आहे की चौकट, हे सांगणारी वेगळी सोय लागली. ती ॲक्सेसिबिलिटीच्या प्रणालीतून मिळते. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या घटकाचे नाव, प्रकार आणि स्थिती तिथे जाहीर करतो, स्क्रीन रीडर ती उचलतो. म्हणूनच एखाद्या पानावर नुसते ‘बटण’ ऐकू आले, तर दोष बहुतेक वेळा त्या बटणाला नाव न देणाऱ्याचा असतो.

एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला, जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. तो विनामूल्य आणि मुक्त स्रोत असल्याने आपल्याकडे सर्वाधिक उपयोगाचा ठरतो. जॉज विकत घ्यावा लागतो. परवान्याशिवाय तो एका वेळी ४० मिनिटे चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर आणि लिनक्सवरचा ओर्का हे आणखी दोन.

कळफलकावरची सुरुवात

बोटे बसवायला तीन खुणा पुरतात: ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरचे उंचवटे, आणि अंकफलकावरच्या ५ वरचा ठिपका. स्क्रीन रीडरचे बरेचसे हुकूम एका खास कळीसोबत द्यायचे असतात. एनव्हीडीएमध्ये ती इन्सर्ट असते, किंवा सेटिंगमध्ये खूण केल्यास कॅप्स लॉक. पुढे तिलाच ‘एनव्हीडीए कळ’ म्हटले आहे. छोट्या लॅपटॉपवर इन्सर्टसाठी एफएन कळ दाबावी लागते, त्यामुळे तिथे कॅप्स लॉकच बरा. कॅप्स लॉकचे मूळ काम हवे असेल तेव्हा तो पटकन दोनदा दाबावा.

डेस्कटॉप आणि लॅपटॉप अशा दोन कळमांडण्या आहेत. डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ आणि वरचा बाण चालू ओळ वाचतात, खालचा बाण तिथून पुढे सलग वाचतो. लॅपटॉप मांडणीत हीच कामे अनुक्रमे ‘एल’ आणि ‘ए’ ने होतात. कंट्रोल दाबली की बोलणे थांबते, शिफ्टने ते थबकते आणि पुन्हा शिफ्ट दाबली की तिथूनच पुढे चालते. शिकवताना या दोन कळा सर्वांत आधी द्याव्यात. न थांबणारा आवाज नवख्या माणसाला घाबरवतो.

एनव्हीडीए कळीसोबत ‘टी’ दाबल्यास खिडकीचे शीर्षक, टॅब दाबल्यास सध्या कुठे आहोत ते, एफ१२ ने वेळ आणि एफ१२ दोनदा दाबल्यास तारीख कळते. १ दाबले की सरावाची स्थिती सुरू होते. त्यात कोणतीही कळ दाबली तरी काम होत नाही, तिचे नाव आणि उपयोग तेवढा ऐकू येतो. पहिला आठवडाभर याच स्थितीत कळफलक चाचपावा. इतर अनेक ‘युक्त्यां’पेक्षा तो सराव जास्त कामाला येतो.

डेस्कटॉप मांडणीत अंकफलक मजकूर तपासण्यासाठी वापरतात: ७, ८, ९ या कळांनी मागची, चालू आणि पुढची ओळ, ४, ५, ६ ने शब्द, १, २, ३ ने अक्षर. यात टंकनाचा कर्सर हलत नाही. त्यासाठी नम लॉक बंद हवा. तो चालू असेल तर वाचन होण्याऐवजी अर्जात आकडे उमटत जातात, आणि ते बरेच पुढे गेल्यावर लक्षात येते.

संकेतस्थळ वाचताना दोन स्थिती असतात. ब्राउझ स्थितीत एकेक अक्षर म्हणजे एक उडी: ‘एच’ ने शीर्षक, ‘के’ ने दुवा, ‘टी’ ने तक्ता, ‘बी’ ने बटण, ‘ई’ ने लिहिण्याची चौकट, ‘एफ’ ने अर्जातला पुढचा घटक. शिफ्टसोबत हीच अक्षरे मागे नेतात. फोकस स्थितीत अक्षरे लिहिली जातात. एनव्हीडीए कळ आणि स्पेसबार यांनी स्थिती बदलते, तेव्हा दोन वेगळे आवाज येतात. नाव लिहायला घेतल्यावर कर्सर पानभर उड्या मारू लागला, तर ब्राउझ स्थिती सुटलेली नाही असे समजावे.

बाजारभावाचा तक्ता हे सरावाचे उत्तम ठिकाण. राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे स्तंभ असतात. ‘टी’ ने तक्त्यावर यावे, मग कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण वापरावेत: खालचा बाण त्याच स्तंभात पुढच्या ओळीवर, उजवा बाण त्याच ओळीत पुढच्या स्तंभावर. सर्वसाधारण दराच्या स्तंभात उभे राहून सरळ खाली उतरले की केळीचा भाव ऐकायला अख्खी ओळ ऐकावी लागत नाही. शीर्षकाचे कप्पे नीट खुणावलेले नसतील तर स्तंभाच्या नावाऐवजी नुसता क्रमांक ऐकू येतो. तेव्हा वरच्या ओळीवर जाऊन क्रम पाठ करण्याला पर्याय नसतो. आणि भाव जर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला असेल तर त्यात तक्ताच नसतो. एनव्हीडीए कळ आणि ‘आर’ विंडोजच्या ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सोयीने, चित्र वाचू पाहते, पण देवनागरीसाठी टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमचा मराठी संच वापरावा आणि आकडे पाठवणाऱ्याला विचारून पक्के करावेत.

मराठी ऐकताना

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या वाणीला मराठी येते आणि तिला इंटरनेट लागत नाही. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगराळ गावांत हे महत्त्वाचे आहे. तिचा आवाज यांत्रिक वाटतो, पण वेग वाढवल्यावर ती स्पष्ट राहते. माणसासारखे गोड आवाज वेगात गिळगिळीत होतात. वेग, उंची आणि आवाज डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि बाण यांनी चालता चालता बदलता येतात: डावा-उजवा बाण सेटिंग निवडतो, वर-खाली ते बदलतो.

मराठी वाणी न बसवता हिंदी आवाजावर काम भागवणारे पुष्कळ आहेत. अर्थ समजतो, कान बिघडतो. जळगावमधला ‘ज’ मराठीत दंत्य, हिंदी आवाज तो ‘जल’मधल्यासारखा तालव्य करतो. ‘घरं’, ‘केळं’ यांच्या शेवटचा अनुस्वार तो नाकातून ओढतो. आणखी एक नेहमीची तक्रार म्हणजे मराठी पान उघडले तरी मधले इंग्रजी शब्द तेवढे ऐकू येतात. पान बनवणाऱ्याने त्यावर भाषेची खूण इंग्रजी ठेवलेली असते आणि स्वयंचलित भाषाबदलामुळे इंग्रजी आवाज पुढे होऊन देवनागरी गाळतो. वाणीच्या सेटिंगमध्ये भाषाबदल बंद केला की मजकूर परत येतो.

अहिराणी या खान्देशी बोलीसाठी वेगळी वाणी नसते. मराठी आवाज तो मजकूर मराठीच्या नियमांनी वाचतो. ‘शे’, ‘माले’, ‘तुले’ नीट येतात, ‘मन्हा’, ‘तुन्हा’ मात्र कधी कधी तुटून ‘मन्-हा’ असे ऐकू येतात. काही गोष्टी कानाला कळतच नाहीत. ‘ऱ्ह’ मधला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टंकतात. एका प्रकारात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटते. अंकफलकावर २ ही कळ तीनदा दाबली की अक्षराचा क्रमांक ऐकू येतो: ऱ असेल तर २३५३, र असेल तर २३५२ आणि जोडचिन्ह ८२०५. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत ऱ हे शिफ्ट आणि ‘जे’ ने थेट येते, त्याचीच सवय लावावी.

सर्वांत मोठा अडथळा जुन्या फॉन्टचा आहे. श्रीलिपी, डीव्हीबी, कृतिदेव यांत टंकलेले मराठी हे डोळ्यांसाठीच मराठी असते. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये टंकलेल्या ‘महाराष्ट्र’मधला ‘महारा’ अक्षर-अक्षर वाचला तर ‘ई, जी, के, जे, के’ असा ऐकू येतो. वाणी बदलून काही साधत नाही, फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करावी लागते. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे ओळीओळीने तपासावीत, चुका तिथेच सापडतात. एखाद्या कार्यालयाचे परिपत्रक स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात आले तर प्रश्न ओसीआरचा होतो, फॉन्टचा नाही. दोन्ही रोगांना एकच औषध देणारे वेळ घालवतात.

ब्रेल कशासाठी

आवाज पुरतो, मग ब्रेल कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. ‘कि’ आणि ‘की’, ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगात ऐकताना वेगळे राहत नाहीत. फक्त ऐकून शिकलेल्या हुशार विद्यार्थ्याचे शुद्धलेखन कच्चे राहते ते यामुळे. घरात अहिराणी किंवा पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्याला प्रमाण मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ ऐकूनही रुळलेले नसतात, त्याला बोटाखाली अक्षर मिळालेच पाहिजे.

ब्रेल डिस्प्ले हे कळफलकासमोर ठेवायचे यंत्र. त्यात १४, २०, ४० अशा संख्येने सेल (एकेका ब्रेल चिन्हाच्या जागा) असतात आणि प्रत्येक सेलमध्ये ८ टाचण्या. ६ टाचण्या अक्षरासाठी, ७ आणि ८ क्रमांकाच्या कर्सर व निवड दाखवण्यासाठी. बहुतेक यंत्रांत या टाचण्या विजेने वाकणाऱ्या पट्ट्यांवर उचलल्या जातात, त्यामुळे किंमत चढते. ऑर्बिट रीडर २० सारखे स्वस्त यंत्र वेगळ्या तंत्राने चालते. ओळ बदलायला ते किंचित जास्त वेळ घेते आणि त्याला राउटिंग कळा नाहीत. राउटिंग कळ म्हणजे प्रत्येक सेलवरची बारीक कळ. ती दाबली की कर्सर नेमका त्या अक्षरावर येतो. लिखाण दुरुस्त करणाऱ्याला ही सोय नसणे जाणवते.

एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये आउटपुट (वाचण्याच्या) आणि इनपुट (लिहिण्याच्या) अशा दोन्ही ब्रेल तक्त्यांसाठी मराठी निवडावे. एकच बदलून चालत नाही. ‘कर्सरखालचा शब्द संगणकीय ब्रेलमध्ये’ ही खूण काढून टाकावी, नाहीतर कर्सर ज्या शब्दावर असेल तोच मराठी शब्द न वाचता येणाऱ्या ठिपक्यांत उमटू शकतो.

भारतीय भाषांसाठीचे समान भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारले गेले. त्यात मात्रा व्यंजनानंतर पूर्ण स्वर म्हणून येते, म्हणजे पहिली वेलांटीसुद्धा उच्चाराच्या क्रमानेच. धुळे चार सेलमध्ये मावते (आकडे म्हणजे उठलेल्या ठिपक्यांचे क्रमांक): ध २३४६, उ १३६, ळ ४५६, ए १५. जळगाव पाच सेलमध्ये: ज २४५, ळ ४५६, ग १२४५, आ ३४५, व १२३६. जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका ४ आधी येतो, म्हणून ‘मन्हा’ म्हणजे म १३४, मग ४, न १३४५, ह १२५, आ ३४५. ३४५६ हे चिन्ह ‘ण’ही आहे आणि अंकाची खूणही. मराठीत ‘ण’ने शब्द सहसा सुरू होत नाही, त्यामुळे घोटाळा क्वचितच होतो.

यंत्रावरच्या ब्रेल कळांनी लिहिताना एनव्हीडीएमध्ये ७ क्रमांकाची कळ मागचे अक्षर पुसते, ८ क्रमांकाची शब्द पक्का करून एन्टर देते.

मेमधली धूळ आणि घामेजलेली बोटे हा डिस्प्लेचा खरा शत्रू. वाचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, काम संपताच झाकण घालावे, सेलवर पाणी किंवा तेल लावू नये. एखादी टाचणी अडकली की चूक लबाड असते. पहिली टाचणी न उठल्यास १२३४ चा ‘प’ २३४ चा ‘स’ होतो आणि ‘पाणी’ ‘साणी’ वाचले जाते. पुढचा मजकूर सरकवून पाहावा. चुकीचे अक्षर त्याच जागी पुन्हा आले तर सेल बिघडला, मजकुराबरोबर सरकले तर टंकनदोष.

आवाज गेला तर

एकदम शांतता झाली की आधी हेडफोन आणि आवाजाची पातळी पाहावी. मग एनव्हीडीए कळ आणि ‘एस’ दाबावी, कारण ही कळ चुकून लागून वाणी बंद होणे फार साधारण आहे. पुन्हा पुन्हा दाबत ‘बोला’ स्थिती येईपर्यंत जावे. तरी काही नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि ‘एन’ ने एनव्हीडीए पुन्हा सुरू होतो. पासवर्ड चुकत असेल तर कळफलक मराठीवर राहिलेला असतो. पासवर्डच्या चौकटीत प्रत्येक अक्षराला ‘तारा’च ऐकू येतो, त्यामुळे ते कळत नाही. विंडोज कळ आणि स्पेसबारने भाषा बदलावी. समोर माणूसच आहे हे तपासणाऱ्या चित्ररूप कॅप्चाला ध्वनीचा पर्याय नसेल, तर स्क्रीन रीडरच्या कोणत्याही कळीने तो सुटत नाही.

वीज जाणे नेहमीचे असेल तर लॅपटॉप बरा. एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि ‘बी’ ने बॅटरी किती उरली ते कळते. डेस्कटॉपवर साइन इनच्या पडद्यावरच एनव्हीडीए सुरू होण्याची खूण करून ठेवावी, म्हणजे वीज आल्यावर कुणाला हाक मारावी लागत नाही. पेन ड्राइव्हवरच्या फिरत्या प्रतीला ही सोय नाही, आणि प्रशासकाचे अधिकार मागणाऱ्या खिडक्याही ती वाचू शकत नाही. सेवा केंद्रातल्या दुसऱ्याच्या संगणकावर म्हणून विंडोज, कंट्रोल आणि एन्टरने आधी नॅरेटर सुरू करावा, आत शिरल्यावर पेन ड्राइव्हवरून एनव्हीडीए उघडावा आणि त्याच कळांनी नॅरेटर बंद करावा. दोन्ही चालू राहिले तर दोन आवाज एकमेकांवर बोलतात आणि इन्सर्टचा हुकूम नेमका कोणी ऐकला ते कळेनासे होते.