ढिगना आणि जनगढ कलम: ‘गोंड चित्र’ म्हणजे नक्की कुठलं?

दिवाळीच्या आधी पुण्यात कर्वे रोडवरच्या एका हॉलमध्ये हस्तकलांचं प्रदर्शन लागलं होतं. मावशीला घेऊन गेले. एका स्टॉलवर निळं हरीण टांगलेलं होतं. त्याची शिंगं वाढत वाढत झाडच झालेली, फांद्यांवर लाल-पिवळे पक्षी. मावशी म्हणाली, “अगं, ही वारली ना?” शेजारच्या बाईंनी लगेच दुरुस्ती केली, “छे हो, गोंड! हजारो वर्षांची कला आहे ही.”

वारली नव्हतंच ते. पण ‘हजारो वर्षं’ हेही त्या हरणाला लागू पडत नाही. असल्या चित्रांचं वय फार तर चाळीस-पंचेचाळीस. ती पहिल्यांदा कोणी काढली तेही माहीत आहे. घोळ होतो तो ‘गोंड चित्र’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात म्हणून.

त्यातली जुनी ती ढिगना. मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडच्या गावांत बायका शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर आणि उंबऱ्याशी ती काढतात. रंग म्हणजे आसपासची माती: पांढरी छुई, गेरू, पिवळी, काळी. आकार चौकटींचे, त्रिकोणांचे, एकात एक गुंफलेल्या रेघांचे. सणाला, लग्नाला काढायची, जुनी झाली की सारवून पुन्हा. आजीच्या दारातल्या रांगोळीखाली जशी सही नसते, तशी हिच्याखालीही नसते. प्रदर्शनात ती सहसा नसते, कारण भिंत काही विकायला आणता येत नाही.

आपण फ्रेम करून घरी आणतो ते जनगढ कलम. कलम म्हणजे इथं चित्रशैली. ती सुरू करणारे जनगढसिंह श्याम हे त्याच दिंडोरी भागातल्या पाटणगढ गावचे. जनगणनेच्या सुमारास जन्म झाला म्हणून नाव जनगढ, असं सांगतात. 1981 च्या सुमारास भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राची तयारी चालली होती. तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्याकडे होती आणि त्यांची माणसं गावोगाव फिरत होती. पाटणगढमध्ये एका घराच्या भिंतीवर त्यांना रंगवलेला मारुती दिसला. कोणी काढला विचारल्यावर विशीच्या आसपासचा हा पोरगा सापडला. त्याला भोपाळला नेलं, कागद दिला, पोस्टर कलर दिले. तोवर मातीचेच रंग माहीत असलेल्या माणसाच्या हातात एकदम तो झगझगीत निळा आणि हिरवा आला. 1989 मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात लागली. 2001 मध्ये जपानमध्ये काम करत असताना ते गेले. वय जेमतेम चाळीस.

मग या चित्रांत जुनं काहीच नाही का? आहे, पण ते चित्र नाही, गाणं आहे. जनगढ परधान होते. परधान हे गोंडांचे गायक. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागातही ते आहेत. गोंधळी जसे यजमानाच्या घरी जाऊन देवीची कथा लावतात, तसे परधान ‘बाना’ नावाचं तंतुवाद्य वाजवत गोंड यजमानांकडे वंशावळी, राजांच्या कथा आणि बडादेवाची गाणी गायचे. बडादेवाचं ठाणं साजाच्या झाडात. साजा म्हणजे आपला ऐन, ताम्हिणीच्या जंगलात दिसतो तोच, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. जे देव तोवर फक्त गाण्यात होते त्यांना जनगढनी डोळे, दात, पंख दिले. हे करायला परंपरा पाठ असावी लागतेच, पण ती असूनही आधी कोणी केलं नव्हतं. मला तर ही साफ एका माणसाची कल्पनाशक्ती वाटते. तिला ‘आदिवासी लोककला’ म्हणून निनावी करून टाकणं म्हणजे त्या माणसाचं श्रेय काढून घेणं.

त्या हरणाजवळ जाऊन बघितलं. लांबून सपाट निळा वाटतो तो जवळून हजारो बारीक खुणांनी भरलेला असतो. मानेवर तांदळाच्या दाण्यासारखे ठिपके, पोटावर माशाच्या खवल्यांसारखी अर्धवर्तुळं. ही भरण प्रत्येक चित्रकाराची वेगळी असते आणि सरावलेला माणूस सही न बघता नाव सांगतो. ढिगनाची चौकट सगळ्या गावाची, ही खूण एकट्याची.

आणि म्हणूनच जनगढ कलम जंगलापुरती थांबली नाही. जनगढ यांच्याकडे शिकलेले भज्जू श्याम एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला लंडनला गेले. त्यांच्या गावात वेळ सांगतो कोंबडा, म्हणून त्यांनी बिग बेन आणि कोंबडा एकमेकांत मिसळून टाकले. जमिनीखालची रेल्वे त्यांना गांडूळ दिसली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मेट्रोचं सिव्हिल कोर्टाचं भुयारी स्टेशन त्यांनी बघायला हवं, असं मला फार वाटतं.

वारलीशी गल्लत व्हायचं मात्र खरंच कारण नाही. गेरूवर पांढऱ्या रंगात त्रिकोणी अंगाची माणसं, ती वारली. तिचीही गोष्ट अशीच आहे म्हणा. लग्नघरात बायका काढायच्या त्या चौकातून चित्रकार जिव्या सोमा मशे कागदावर आले. पण ते पुन्हा कधीतरी.

मी स्टॉलवाल्याला विचारलं, “दादा, हे कुणी काढलंय?” त्यानं फ्रेम उलटी केली. मागे पेन्सिलीनं नाव आणि खाली पाटणगढ. शेजारच्या बाई जरा हिरमुसल्या. मावशीनं चष्मा वर करून नाव वाचलं, मग त्याच्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे हजारो वर्षांचं नाहीये ना? मग दोनशे कमी करा.”

त्यानं एक रुपया कमी केला नाही.