अजिंठा की वेरूळ? दिवाळीच्या सुट्टीत जाण्याआधी

‘सोळा नंबरचं लेणं चुकवू नका’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा: कुठलं सोळा? वेरूळचं 16 नंबरचं लेणं म्हणजे कैलास. अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलेला विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ. दहा नंबरचीही तीच गत. दोन्हीकडे ते चैत्यगृहच (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) आहे, पण अजिंठ्याचं तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीचं, तर वेरूळचं त्यानंतर कित्येक शतकांनी कोरलेलं. दोन्ही नावं एका दमात घेतली जातात, दोन्हींना जागतिक वारशाचा दर्जा 1983 मध्येच मिळाला, दगडही तोच काळा बेसाल्ट. त्यामुळे घरात सहलीचा बेत ठरताना दोन्हींची सरमिसळ होतेच.

सगळ्यात महाग पडणारा घोळ सुट्टीच्या वाराचा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. सोमवारी अजिंठ्याला पोचलात तर छत्रपती संभाजीनगरहून जाऊन-येऊन 200 किलोमीटर फुकट जातात. पण ‘मग सोमवारी वेरूळ करू’ हेही तितकंसं सोयीचं नाही. लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभरावर घृष्णेश्वर आहे. सोमवारी, त्यातून सुट्टीत, दर्शनाची रांग आणि पार्किंग दोन्ही हाताबाहेर जातात. शनिवारी वेरूळच्या वाटेवर खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी लागते. म्हणून शनिवार-रविवारच हाताशी असेल तर शनिवारी अजिंठा आणि रविवारी वेरूळ हा क्रम चांगला. बुधवार किंवा गुरुवार मिळत असेल तर त्याहून उत्तम.

एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह टाळा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण 30 किलोमीटर, वायव्येला. अजिंठा 100 किलोमीटर, ईशान्येला, फुलंब्री-सिल्लोड रस्त्याने. अजिंठ्याला जायलाच अडीच-तीन तास धरा. तिकडे सकाळी नऊला उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास लोकांना बाहेर काढायला लागतात. वेरूळ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडं असतं, पण दिवाळीच्या सुमारास सहाच्या आत सूर्य मावळतो.

नकाशावर नुसतं ‘अजिंठा’ टाकू नका. अजिंठा गाव घाटाच्या वर आहे, लेणी घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला, आणखी दहा-बारा किलोमीटर पुढे. खाजगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. हमरस्त्यालगतच्या टी-पॉइंटला ती लावायची आणि तिथून बसने चारेक किलोमीटर आत जायचं. या बसला सुट्टीत जाताना आणि परतताना दोन्हीकडे रांग असते, तेव्हा अर्धा-पाऊण तास हिशेबात धरा. वेरूळला ही भानगड नाही. फाटकातून आत गेलं की समोर कैलास.

आता मुख्य फरक. अजिंठा बघायचा तो भिंतींवर आणि छतांवर, वेरूळ बघायचं ते दगडात. (अजिंठ्यात शिल्पं आहेतच आणि कैलासाच्या छतावर रंगाचे अवशेषही आहेत, पण जायचं त्यासाठी नाही.) अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. दगडावर माती, भाताचा तूस आणि झाडांचे तंतू कालवून केलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. लाल-पिवळी गेरूची माती, काजळीचा काळा, निळ्यासाठी लाजवर्द हा निळा दगड. हा लेप भिंतीवर नुसता धरून बसलेला आहे. माणसांच्या श्वासाची वाफ आणि घाम यांनी तो सुटतो, म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, चपला बाहेर काढायला लावतात आणि फ्लॅशला बंदी आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेल्या गेल्या काही दिसत नाही. अनेक जण तिथेच ‘काही नाही, सगळं उडालंय’ म्हणून परत फिरतात. पाच मिनिटं गप्प उभं राहा. 1 नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडचा पद्मपाणी मग हळूहळू उमटायला लागतो: आधी मुकुट, मग कललेली मान, मग हातातलं कमळ.

1 आणि 2 नंबर दाराशीच असल्यामुळे सगळे गट तिथे तुंबतात. रांग लांब दिसली तर सरळ पुढे जा, 16, 17 आणि पहुडलेल्या बुद्धाचं 26 नंबर बघा आणि येताना मागे वळा. वाट एकच आहे, काही चुकत नाही.

वेरूळला 34 लेणी डोंगराच्या कुशीत दोनेक किलोमीटर पसरलेली आहेत: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी बघायचा हट्ट धरला की मुलं दुपारी रडकुंडीला येतात. कैलास, 10, 12 आणि जैनांपैकी 32 एवढं पुरे. जैन लेणी कैलासापासून किलोमीटरहून लांब आहेत, तिथे चालत न जाता वाहनाने जा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला असल्याने दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. फोटोसाठी दुपार बरी, पण गर्दी टाळायची तर उघडताच आधी कैलास. ऑक्टोबरचं ऊन या दगडावर तापलं की अंगणात उभं राहवत नाही, हे सकाळच्या बाजूने आणखी एक कारण. कैलास वरून खाली कोरत आणलेला आहे. तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून सुरुवात केली. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळी. चर किती खोल गेलाय हे जोखायचं तर देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन मान वर करा. दक्षिणेच्या अंगाला रावण कैलास हलवतो ते शिल्प आहे, ते मात्र शोधूनच बघा.

आजी-आजोबा बरोबर असतील आणि एकच ठिकाण जमणार असेल तर वेरूळ घ्या. कैलासाचं अंगण जवळपास सपाट आहे. वरचा मजला सोडला तरी बरंच बघून होतं. अजिंठ्यात सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. डोली मिळते, पण भाव आधी ठरवा, आणि एका फेरीचा की जाण्यायेण्याचा तेही विचारून घ्या.

तिकीट दोन्हीकडे वेगळं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं. पुण्या-मुंबईकडून रेल्वेने येणार असाल आणि अजिंठाच महत्त्वाचा असेल, तर जळगावला उतरा. तिथून लेणी 60 किलोमीटरच्या आसपास पडतात, आणि अजिंठा आटोपून मुक्कामाला संभाजीनगर गाठता येतं.