सगळ्यांच्या रक्तात आहे म्हणजे नॉर्मल?

पेट्रोलमध्ये शिसं घालायची आयडिया 1921 ची, थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरची, इंजिन खडखडू नये म्हणून. शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, 1924 मध्ये न्यू जर्सीत पेट्रोलमध्ये घालायचं हे शिशाचं रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट व्हायला लागले, 5 जण गेले, तरी काही काळ विक्री बंद ठेवून परत सगळं सुरू.

पुढची 40 वर्षं ठरलेलं उत्तर होतं. रॉबर्ट कीहो म्हणून डॉक्टर होते, रिसर्चला पैसा इंडस्ट्रीचा, ते सांगायचे की शिसं सगळ्यांच्याच शरीरात असतं, नैसर्गिकच आहे ते.

याला सुरुंग लावला क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भू-रसायनशास्त्रज्ञानं, आणि तो खरं तर पृथ्वीचं वय काढत बसला होता! त्यासाठी उल्केतलं शिसं मोजायचं तर आकडे काही केल्या जुळेनात, कारण लॅबच्या हवेत, भांड्यांवर, स्वतःच्या केसांत, जिकडेतिकडे शिसंच. मग घासपूस करून, गाळलेल्या हवेची लॅब उभारून त्यानं पृथ्वीचं वय काढलं, 455 कोटी वर्षं, पण डोक्यात किडा राहिला की एवढं शिसं येतंय कुठून. 1965 मध्ये त्यानं सरळ लिहिलं की सगळ्यांच्यात सापडतं म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही, सगळेच बाधित असू शकतात. बक्षीस काय, तर फंडिंग गेलं.

मुलांवरचा परिणाम दाखवला हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरनं, तोही पडलेल्या दुधाच्या दातांवरून. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरतं पण दातात साठून राहतं, म्हणजे दात ही त्या पोराची जुनी पासबुकच. शिक्षकांना वर्गातल्या मुलांबद्दल विचारलं, कुणाच्या दातात किती शिसं हे त्यांना न सांगता. 1979 चा निष्कर्ष असा की जास्त शिसंवाली मुलं आयक्यूत मागे आणि लक्ष लागत नाही अशी तक्रारही त्यांचीच जास्त.

गंमत म्हणजे अमेरिकेत शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आलं त्याला मोठं कारण गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातली घाण कमी करणारा भाग, शिशानं ते खराब व्हायचे. पोरांची डोकी नंतर. पण पेट्रोलमधलं शिसं उतरलं तसं लोकांच्या रक्तातलंही उतरत गेलं. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथं 2021 मध्ये थांबलं. छोट्या पिस्टन इंजिनच्या विमानांत मात्र अजूनही भरतात.